ढवळ्याशेजारी बांधलेले इंग्रजी शब्द

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी, मी ज्या कारखान्यात नोकरीला होतो तेथील एक वरिष्ठ साहेब निवृत्त झाले आणि त्यांच्या निरोप समारंभाचे इंग्रजी मानपत्र लिहिण्याचे काम, ‘याचे इंग्रजी बरे आहे’ एवढ्याच ख्यातीवर, पाचवीपासून एबीसीडी गिरवलेल्या माझ्याकडे आले. त्या काळात मी एका शब्दयादीतील रोजचे दहा शब्द पाठ करत असे आणि पाठ झालेला शब्द कधी एकदा वापरतो असे मला होऊन जाई. ‘फुलसम’ हा शब्द नुकताच हाती लागला होता. ‘फुल’ म्हणजे भरलेले, तेव्हा ‘फुलसम प्रेझ’ म्हणजे भरभरून केलेली स्तुती, असा सरळ हिशेब मांडून मी मानपत्रात लिहून टाकले की, साहेबांविषयी प्रत्येक खात्यातून अशीच ‘फुलसम प्रेझ’ ऐकू येते. मानपत्र वाचले गेले, टाळ्या झाल्या, शाल-श्रीफळ झाले. चहाच्या वेळी साहेबांनी मला बाजूला घेतले. “मानपत्र उत्तम लिहिलंत,” ते म्हणाले, “फक्त तो ‘फुलसम’ घरी गेल्यावर एकदा शब्दकोशात बघा.”

घरी जाऊन पाहिले. कानाला गोड लागण्याऐवजी शिसारी आणणारी, अतिरेकी, लाळघोटी स्तुती, असा त्याचा अर्थ निघाला. म्हणजे कारखान्यातले सगळे लोक आपली खोटी खुशामत करत होते, हे साहेबांनी स्वतःच्याच मानपत्रात, पत्नी शेजारी बसलेली असताना, ऐकून घेतले होते. उद्या एखाद्या परदेशी पाहुण्याने कोशातून मराठी शिकून आपल्याकडच्या निरोप समारंभात ‘आपण या कारखान्यात आयुष्यभर चांगले दिवे लावलेत’ असे भरल्या गळ्याने सांगावे, तसाच तो प्रकार होता. दिवे म्हणजे दिवे आणि लावणे म्हणजे लावणे. त्याच्या वाक्यातील एकही शब्द चुकलेला नसेल आणि तरीही अख्खा मांडव खाली मान घालून हसत असेल.

या फजितीने माझी रोज दहा शब्दांची सवय मोडली आणि शब्दसंग्रह म्हणजे नेमका कशाचा संग्रह, या प्रश्नाकडे मी पहिल्यांदा वळलो. पुढे भाषांतराच्या कामात पडल्यावर मला जे. आर. फर्थ या इंग्रज भाषावैज्ञानिकाचे म्हणणे वाचायला मिळाले. शब्द ओळखायचा तो त्याच्या संगतीवरून, असे फर्थ यांनी 1957 मध्ये लिहून ठेवले आहे. हे गृहस्थ 1919 ते 1928 या काळात लाहोरच्या पंजाब विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते, त्यामुळे आपल्याकडच्या मुलांचे कोशातून उचललेले इंग्रजी त्यांनी भरपूर तपासले असणार, असे मला उगीचच वाटत राहते. आपल्याकडे हीच गोष्ट बैलांच्या भाषेत केव्हाच सांगून झालेली आहे: ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. शब्दांचेही तसेच होते. ‘कॉज’ म्हणजे घडवून आणणे, हा कोशातला अर्थ रंगहीन आहे; परंतु इंग्रजी मजकुरात हा शब्द पाहत गेले तर तो बहुतेक वेळा अपघात, नुकसान, विलंब, दुखणे यांच्याच दावणीला बांधलेला आढळतो. म्हणून ‘तुमच्या येण्याने आम्हाला आनंद झाला’ याचे इंग्रजी करताना ‘कॉज’ वापरले, तर व्याकरण साबूत राहूनही वाक्याला एक आंबूस वास येतो. बर्मिंगहॅम विद्यापीठातील भाषावैज्ञानिक जॉन सिंक्लेअर यांनी ‘सेट इन’, म्हणजे येऊन ठाण मांडणे, या साध्या क्रियापदाबाबत हेच दाखवून दिले होते: जे ‘सेट इन’ होते ते बहुधा कुजणे, ऱ्हास, निराशा, जंतुसंसर्ग अशा जातीचे असते. त्यांच्या देखरेखीखाली 1987 मध्ये जो कोश निघाला, त्यात प्रत्यक्ष वापरातील मजकुराचा मोठा साठा संगणकावर तपासून नोंदी केल्या होत्या आणि अर्थही तुटक प्रतिशब्दांत न देता पूर्ण वाक्यांत दिला होता. मराठी माणसाने इंग्रजीसाठी एकच कोश विकत घ्यायचा असेल, तर तो इंग्रजी-मराठी नसावा, असे माझे मत आहे. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाविषयी, म्हणजे 1831 मध्ये प्रथम आणि 1857 मध्ये सुधारून निघालेल्या त्या ग्रंथाविषयी, मला अपार आदर आहे आणि मराठी शब्दांच्या छटांसाठी मी तो आजही उघडतो; परंतु इंग्रजी शब्दाची संगत कळायला परभाषिक विद्यार्थ्यांसाठी इंग्रजीतूनच रचलेला कोश लागतो. अशा कोशांची वाट ज्यांनी पाडली ते ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते आणि त्यांचा कोश पहिल्यांदा 1942 मध्ये टोकियोत छापला गेला, यात नवल काहीच नाही. इंग्रजाला आपल्या भाषेतील खाचखळगे दिसायला परक्या विद्यार्थ्याच्या चुका तपासाव्या लागल्या.

माझी पूर्वीची वही दोन रकान्यांची होती, डावीकडे इंग्रजी शब्द आणि उजवीकडे मराठी अर्थ. ती मी रद्दीत घातली आणि नव्या दोनशेपानी वहीत उलट्या बाजूने सुरुवात केली. पानाच्या माथ्यावर मराठी शब्द घालायचा आणि खाली त्याच्या इंग्रजी वाटा मांडायच्या. त्या वहीतले ‘कडक’ हे पान मला अजूनही आवडते. आपला चहा कडक, ऊन कडक, शिस्त कडक, बंदोबस्त कडक, शिळी भाकरी कडक आणि सदऱ्याची इस्त्रीही कडक. इंग्रजीत मात्र चहा ‘स्ट्राँग’ असतो, ऊन ‘स्कॉर्चिंग’, शिस्त ‘स्ट्रिक्ट’, बंदोबस्त ‘टाइट’ आणि भाकरी ‘हार्ड’. इस्त्रीला तर विशेषणच मिळत नाही, तिथे सदरा ‘क्रिस्प’ होतो. पाऊस आपल्याकडे मुसळधार, त्यांच्याकडे ‘हेवी’; परंतु हेच ‘हेवी’ विशेषण रहदारीला, सर्दीला आणि उठताबसता सिगारेट ओढणाऱ्यालाही लागते. ‘स्ट्राँग रेन’ म्हटले तर इंग्रजाला अर्थ कळतो आणि बोलणारा बाहेरचा आहे हेही कळते. या सहा ‘कडक’ जोड्यांमध्ये यादीत शोभावा असा एकही अवघड शब्द नाही. तरीही त्या अचूक वापरणाऱ्याचे इंग्रजी, ‘डिफेनेस्ट्रेशन’ म्हणजे खिडकीबाहेर फेकणे हे पाठ करणाऱ्याच्या इंग्रजीपेक्षा, मला अधिक प्रगत वाटते. आयुष्यात किती जणांना खिडकीबाहेर फेकण्याचा योग येतो?

किती शब्द पुरतात, याचेही काही हिशेब झालेले आहेत. इंग्रजीच्या अध्यापनाचे अभ्यासक मायकल वेस्ट यांनी 1953 मध्ये सर्वसाधारण वापराच्या सुमारे 2000 मूळ शब्दांची यादी प्रसिद्ध केली. अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी 2000 साली विद्याशाखीय लेखनात वारंवार येणाऱ्या 570 शब्दकुलांची यादी काढली. कुल म्हणजे एक मूळ शब्द आणि त्याची साधित रूपे. न्यूझीलंडचे पॉल नेशन यांनी 2006 मध्ये असे दाखवले की, कादंबरी किंवा वर्तमानपत्र कोशाच्या कुबडीशिवाय वाचायचे असेल, म्हणजे मजकुरातले शंभरातील अठ्ठ्याण्णव शब्द ओळखीचे हवे असतील, तर आठ ते नऊ हजार शब्दकुले लागतात. हा आकडा ऐकून घाबरण्याचे कारण नाही, कारण त्यांतील बरीच आपल्याला तोंडओळखीने ठाऊक असतात. घोटाळा होतो तो या तोंडओळखीनेच. ‘क्वालिफाइड’ म्हणजे पात्र, हे दहावीच्या मुलालाही माहीत असते. म्हणून एखाद्या योजनेला ‘क्वालिफाइड सक्सेस’ मिळाले असे वाचले की आपण ते भरघोस यश समजतो, आणि लेखक तर सांगत असतो की, यश मिळाले खरे पण हातचे राखून. ‘सँक्शन’ म्हणजे मंजुरी हे सरकारी कचेरीत मुरलेल्या माणसाला पक्के ठाऊक असते, तो एखाद्या देशावर ‘सँक्शन्स’, म्हणजे निर्बंध, आल्याची बातमी वाचून गोंधळतो. ‘ओव्हरसाइट’ म्हणजे देखरेख आणि ‘ओव्हरसाइट’ म्हणजेच नजरचूक! ओळखीच्या शब्दाचा दुसरा-तिसरा अर्थ कळणे ही वरच्या पायरीची खरी खूण आहे आणि शब्दयाद्यांमध्ये ती सापडत नाही, कारण हे शब्द आधीच ‘सोपे’ म्हणून वगळलेले असतात.

लॅटिन-ग्रीक धातू शिकण्याचा मार्ग मराठी माणसाला जवळचा वाटावा असा आहे. शाळेत संस्कृत घेतलेल्यांना तो श्लोक आठवेल: ‘उपसर्गेण धात्वर्थो बलादन्यत्र नीयते, प्रहाराहारसंहारविहारपरिहारवत्’. एकाच ‘हृ’ धातूला उपसर्गांनी पाच दिशांना ओढून नेले, तसेच लॅटिनमधील पाहणे या अर्थाच्या ‘स्पेक्ट’चे झाले आहे. आत डोकावून पाहिले की ‘इन्स्पेक्ट’, मागे वळून पाहिले की ‘रिस्पेक्ट’, खालून चोरट्या नजरेने पाहिले की ‘सस्पेक्ट’, पुढे पाहिले की ‘प्रॉस्पेक्ट’. अशा रीतीने एका धातूवर पंधरा-वीस शब्द एका बैठकीत लक्षात राहतात. मात्र श्लोकातला ‘बलात्’ हा शब्द विसरू नये. उपसर्ग अर्थाला जबरदस्तीने ओढून नेतो आणि कुठे नेईल याची हमी देत नाही. ‘एग्रिजियस’ याची फोड ‘कळपातून उठून दिसणारा’ अशी होते आणि कधीकाळी तो शब्द गौरवाचा होता, पण आता त्याने उठून दिसते ती घोडचूक. व्युत्पत्ती हे शब्द लक्षात ठेवण्याचे साधन आहे, अर्थ ठरवण्याचे नव्हे. मी ‘फुलसम’च्या बाबतीत नेमकी ही सीमा ओलांडली होती.

दुसरी एक गोष्ट मराठीतून सहज समजते, ती म्हणजे शब्दांचे थर. 1066 मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकल्यानंतर घरातील भाषा इंग्रजी, दरबाराची फ्रेंच आणि विद्येची लॅटिन अशी स्थिती तेथे दीर्घकाळ राहिली, म्हणून इंग्रजीत राजाला शोभणाऱ्या गोष्टीसाठी ‘किंगली’, ‘रॉयल’ आणि ‘रीगल’ असे तीन शब्द शेजारी-शेजारी नांदतात. आपल्याकडे तद्भव, तत्सम आणि फारसी-अरबी असे थर आहेतच. आपण आईकडे जल मागत नाही आणि जलसंपदा विभागाला कोणी पाणीसंपदा विभाग म्हणत नाही. इतकी सूक्ष्म जाण ज्याच्या अंगात मुरलेली आहे, त्याने इंग्रजीत मात्र सगळे समानार्थी शब्द एका पोत्यात भरावेत, हे पटत नाही.

माझी भाची परदेशी शिक्षणासाठी जीआरईची तयारी करत होती, तेव्हा हाच मुद्दा तिच्याशी बोलताना निघाला. त्या परीक्षेतून विरुद्धार्थी शब्द ओळखा छापाचे प्रश्न 2011 मध्ये काढून टाकले गेले आणि वाक्यातील रिकामी जागा संदर्भाने भरण्यावर भर आला. तरी बाजारातल्या याद्या आणि त्या पाठ करणारी मुले जुनीच राहिली आहेत. एका संध्याकाळी तिने विचारले, “मामा, ‘फ्रूगल’ आणि ‘मायझरली’ दोन्ही म्हणजे कंजूषच ना?”

“तुझी आजी दुधाची पिशवी आतून विसळून ते पाणी चहात घालते. तिला काय म्हणशील?”

“काटकसरी.”

“आणि चिक्कू म्हटलंस तर?”

ती खुर्चीतून अर्धवट उठून स्वयंपाकघराकडे पाहू लागली. आजीने ऐकले नव्हते. त्यानंतर तिने शब्द पाठ करण्याच्या पत्त्यावर ‘फ्रूगल’समोर अर्थ लिहिलाच नाही, ‘आजी’ एवढेच लिहिले.

हे पत्ते म्हणजे आमच्या घरच्या जुन्या लग्नपत्रिका. जाड कागद, पाठ कोरी. एका पत्रिकेचे चार तुकडे होतात. पुढच्या बाजूस वाचनात सापडलेले संपूर्ण वाक्य, त्यात शब्दाच्या जागी रेघ. मागच्या बाजूस तो शब्द आणि त्याच्या नेहमीच्या दोन-तीन सोबत्यांची नावे. बुटांच्या खोक्यात पाच कप्पे केले आहेत. उत्तर बरोबर आले की पत्ता पुढच्या कप्प्यात, चुकले की पुन्हा पहिल्या कप्प्यात. पहिला कप्पा रोज पाहायचा, दुसरा दोन-तीन दिवसांनी, शेवटचा महिन्याने. ही युक्ती सेबास्टियन लाइटनर या जर्मन पत्रकाराने 1972 मधील आपल्या पुस्तकातून लोकप्रिय केली आणि तिच्या मागचे निरीक्षण त्याहून जुने, म्हणजे 1885 चे आहे, जेव्हा हर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरे स्वतःच पाठ करून ती किती वेळात विसरतात हे मोजले. विसरणे सुरुवातीला झपाट्याने होते आणि नंतर मंदावते, असे त्यांना आढळले. म्हणून उजळणी सुरुवातीला लवकर आणि नंतर लांबणीवर. हेच काम करणारी अ‍ॅप आता मोबाइलवर मिळतात आणि भाची आता तीच वापरते. मला पत्रिकेच्या मागच्या बाजूला शब्द लिहिताना पुढच्या बाजूची वधूवरांची नावे दिसतात आणि तो शब्द त्यांच्या नावाने लक्षात राहतो, हा माझा दुर्गुण समजावा. एका दिवसात पाचांहून अधिक पत्ते मी करत नाही.

वाक्प्रचारांचे प्रकरण मात्र वेगळ्याने सांगायला हवे. मराठीच्या प्रश्नपत्रिकेत ‘पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा’ हा प्रश्न असे आणि आमच्या वर्गातील एक बहाद्दर त्याला ‘गुरुजींनी फळ्यावर हातपाय गाळणे असे लिहिले’ अशी उत्तरे देऊन मोकळा होई. गुण मिळत नसत, ते योग्यच होते. इंग्रजी वाक्प्रचारांच्या याद्या पाठ करणारे प्रौढ लोक थोड्याफार फरकाने तेच करतात, वाक्प्रचार वापरण्याऐवजी तो दाखवतात. ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्स’ हा तर आपल्या शाळांनी जपून ठेवलेला प्रयोग आहे. आजचा इंग्रज ‘बकेटिंग डाउन’ किंवा ‘पोअरिंग’ म्हणतो आणि छत्री उघडतो. ‘किक द बकेट’ म्हणजे मरणे असे यादीत असते, पण ते निधन नव्हे, देहावसान नव्हे, ते सरळ ‘गचकणे’ आहे, हे यादी सांगत नाही. सांत्वनपत्रात ते घालणाऱ्याला कोणताही कोश वाचवू शकणार नाही. शिवाय वाक्प्रचार हा गोठलेला असतो. ‘स्पिल द बीन्स’ म्हणजे गुपित फोडणे, याचे कर्मणी रूप चालते. ‘किक द बकेट’चे केले तर खरोखरची बादली लाथाडली जाते. आपण ‘त्याने हात वर केले’ म्हणतो तेव्हा त्याने जबाबदारी झटकलेली असते, पण ‘त्याने दोन्ही हात हळूहळू वर केले’ म्हटले की समोर पोलीस उभे राहतात.

वाक्प्रचार लक्षात राहतो तो त्याच्या गोष्टीमुळे. ‘टर्न अ ब्लाइंड आय’ याच्याशी अ‍ॅडमिरल नेल्सन यांची गोष्ट जोडली जाते: 1801 च्या कोपनहेगनच्या लढाईत माघारीचा इशारा झाला, तेव्हा त्यांनी दुर्बीण आपल्या निकामी डोळ्याला लावली आणि इशारा दिसलाच नाही म्हणून सांगितले. मराठीतील ‘कानाडोळा करणे’ याच्या इतके जवळ आहे की, मी त्याला पत्ता केला नाही. ‘स्टील समवन्स थंडर’ याची गोष्ट मात्र मला फार आवडते. जॉन डेनिस नावाच्या नाटककाराने 1709 मध्ये लंडनला आपल्या नाटकासाठी रंगमंचावर मेघगर्जना काढण्याची नवी तऱ्हा शोधली. नाटक पडले, पण थोड्याच दिवसांनी त्याच नाट्यगृहात ‘मॅकबेथ’ पाहताना त्याला आपलीच गर्जना ऐकू आली आणि तो प्रेक्षकांतून ओरडला, असे सांगतात, की माझे नाटक चालू देत नाहीत आणि माझा गडगडाट मात्र चोरतात. दुसऱ्याचे श्रेय आधीच पळवणे, हा अर्थ या गोष्टीनंतर वेगळा पाठ करावा लागत नाही.

आणि इंग्रजी म्हणजे कोणाचे इंग्रजी, हेही पाहावे लागते. ‘टेबल’ हे क्रियापद ब्रिटनमध्ये विषय चर्चेला घेण्यासाठी वापरतात, अमेरिकेत तो बाजूला ठेवण्यासाठी. दुसऱ्या महायुद्धात या एका शब्दावरून दोन्ही देशांच्या सेनाधिकाऱ्यांत कडाक्याचा वाद झाला आणि एकाच गोष्टीसाठी भांडतो आहोत हे उशिरा लक्षात आले, असे चर्चिल यांनी नोंदवले आहे. आपले लोक महाविद्यालयातून ‘पास आउट’ झाल्याचे अमेरिकेत सांगतात, तेव्हा ऐकणाऱ्याला ते भोवळ येऊन पडल्यासारखे वाटते. ‘प्रीपोन’ला मात्र मी चूक म्हणत नाही. ‘पोस्टपोन’ आहे तर त्याचा उलटा शब्द हवाच होता, इंग्रजांनी तो रुजवला नाही, आपण रुजवला. वाचताना म्हणून हजार वाक्प्रचार ओळखावेत, लिहिताना मात्र ज्यांची नाडी हाताला लागली आहे असे पाच-पंचवीसच वापरावेत, असा नियम मी स्वतःपुरता घालून घेतला आहे आणि इंग्रजी पत्र पाठवण्यापूर्वी प्रत्येक अलंकारिक प्रयोग एकदा मनात मराठीत उलटा करून पाहतो.

‘फुलसम’चा पत्ता खोक्यात आहेच. तो मात्र पहिल्या कप्प्यातून कधी पुढे सरकला नाही, कारण त्यावर मला वेळोवेळी खाडाखोड करावी लागली. मध्ययुगीन इंग्रजीत या शब्दाचा अर्थ ‘विपुल, भरपूर’ असाच होता, ही पेन्सिलीची नोंद दहा-बारा वर्षांपूर्वीची आहे. अलीकडे पुष्कळ लोक तो पुन्हा ‘भरभरून’ या अर्थाने लिहू लागले आहेत, जाणकार त्यावर नाके मुरडतात आणि काही कोश दोन्ही अर्थ इशाऱ्यासह देतात, ही त्याखालची दुसरी नोंद. म्हणजे माझे मानपत्र सहा-सातशे वर्षे उशिरा किंवा वीस-पंचवीस वर्षे लवकर लिहिले गेले होते. साहेबांना हे फोनवर सांगितले, तेव्हा त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “ते असू दे, पण हिने अजून ते मानपत्र भिंतीवर लावू दिलेलं नाही.”